तळाची मूठ

चाळीस मिनिटं कुठं गेली, हे पौर्णिमाला सापडत नव्हतं.

सकाळचे सव्वाआठ झाले होते. किन्हीराजातल्या त्या घरात लॅपटॉपला पुरेल एवढं नेटवर्क धरून राहील अशी एकच जागा होती, स्लॅबवरच्या पाण्याच्या टाकीमागचा कोपरा. तिथं प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन ती बसली होती आणि तिचा उजवा पाय शिलाई मशीनच्या पायट्यावर असल्यासारखा एकसारखा हलत होता. खाली अंगणात माय तूर पाखडत होती. सुपाचा आवाज वर यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा.

पौर्णिमा पुण्याच्या एका लहानशा कंपनीचं काम घरून करायची. आठ माणसांची कंपनी आणि एकच ॲप, समुद्रात खोल बुडी मारणाऱ्यांसाठीचं. ते ॲप दोन गोष्टी सांगायचं: सिलिंडरमध्ये कोणता वायू किती भरायचा, आणि खालून वर येताना कुठं किती मिनिटं थांबायचं. एवढ्या खोलात साधी हवा चालत नाही. साठ मीटरवर ती दारूसारखी चढते, आणि ज्या ऑक्सिजनवर जीव जगतो तोच तिथं प्रमाणाबाहेर गेला की माणसाला झटके आणतो. म्हणून ऑक्सिजन कमी करायचा, हेलियम मिसळायचा, आणि सगळं काट्यावर तोलून. पौर्णिमानं समुद्र अजून पाहिला नव्हता. साठ मीटर म्हणजे किती, ते ती आपल्या पुऱ्यातल्या विहिरीनं मोजायची. ती विहीर एकीवर एक अशी चार वेळा रचली, म्हणजे साठ मीटर.

आज त्या चार विहिरींच्या तळाला तिचा पाठचा भाऊ उतरणार होता.

अश्वजित चार वर्षांपासून अंदमानात होता. तिथल्या एका डायव्हिंग सेंटरात सिलिंडर भरायचा. आजवर दुसऱ्यांसाठी भरले, काल पहिल्यांदा स्वतःसाठी भरले. बुडालेल्या एका जुन्या जहाजाची पाहणी होती. वीस मिनिटं तळाशी, मग पाऊण तास पायरी पायरीनं वर. भरतानाचा प्रत्येक टप्पा त्यानं ॲपमध्ये नोंदवला होता, आणि ॲपच्या नोंदी तपासणं हे पौर्णिमाचं कामच. ॲप मराठीतही तिनंच केलं होतं. मराठीतून ते वापरणारा जगात एकच माणूस होता आणि त्याला ती लहानपणी कडेवर घेऊन हिंडली होती.

तिनं नोंद पुन्हा वाचली. आधी हेलियम, नव्वद बार. मग ऑक्सिजन, सोळा. मग कॉम्प्रेसरनं साधी हवा, काटा दोनशेवर येईपर्यंत. म्हणजे हवा चौऱ्याण्णव बार. त्यांचा कॉम्प्रेसर म्हातारा. मिनिटाला एक बार, त्याच्यावर नाही. हे रडगाणं अश्वजितनं शंभरदा ऐकवलं होतं. तर चौऱ्याण्णव मिनिटं लागायला हवी होती. नोंदीत लिहिलं होतं: हवा सुरू, चार वाजून दहा. हवा बंद, पाच वाजून चार.

चौपन्न मिनिटं. आणि काटा मात्र दोनशेवर.

"पौर्णिमे, अवं ये खाली जराशी," मायनं हाक मारली. "कोठीत हात नाई पुरत माहा."

"काम चालू हाये, माय."

"काम कुठं पयून चाललं? वर बसून नुसता पाय हलवून राह्यली. खाली धपधप ऐकू येते."

पौर्णिमा चरफडत उतरली. पत्र्याची कोठी छातीएवढी उंच होती आणि ज्वारी तळाला गेली होती. ती कमरेतून वाकली, डोकं कोठीत घातलं आणि वाटीनं ज्वारी वर देऊ लागली. आतल्या अंधारात पत्र्याचा गार वास होता. डोक्यात चौपन्न, चौऱ्याण्णव, चौपन्न, चौऱ्याण्णव असं जातं फिरत होतं.

"थांब," माय मोठ्यानं म्हणाली. "पुरती झाडू नको. मूठभर राहू दे तळाले."

अंगणातल्या खाटेवरून तिचे वडील भिवाजीबा हसले. "बावीस प्रतिज्ञा घेतल्या इनं, पन ते मूठ काई सुटली नाई इची."

"हे देवाचं नाई, आवो, भुकेचं हाये. माह्या सासूनं बहात्तर साली दोन दिस काढले त्या मुठीवर. तुमीच तर व्हते खायाले."

पौर्णिमाचा हात कोठीत तसाच राहिला.

अश्वजित कधीच कोणतं भांडं पुरतं रिकामं करत नसे. तेलाची बाटली, टूथपेस्ट, चहाची कपबशी, सगळ्याच्या तळाला मायचा हात ठेवूनच तो वाढला होता. दिवाळीत आला तेव्हा हसत हसत सांगत होता, "ताई, दुसरा वायू भराचा तर लोक अगोदरचा पुरा सोडून देतात. सुईसुई करत सगळा जाते. मले नाई सोडवत. मायचा आवाज येते कानात. मी ठेवतो थोडासा, अन् ॲपमधी लिहून टाकतो का एवढा ठेवला मनून."

लिहून टाकतो. पण नोंदीत 'आधीचा वायू' या ठिकाणी शून्य होतं.

चाळीस बार हवा कमी लागली, कारण चाळीस बार आत होतंच. काय होतं ते? परवा त्यानं फोटो पाठवला होता. दोन सिलिंडर तपासणीला गेले म्हणून वर येताना वापरायचेच सिलिंडर तो या बुडीसाठी घेत होता, आणि त्यांच्यावरची पिवळी पट्टी नखानं खरवडत होता. पट्टीवर पन्नास लिहिलेलं. शेकडा पन्नास ऑक्सिजन, वरच्या कमी खोलीतच चालणारा.

हिशेबाला लॅपटॉप लागला नाही. कोठीच्या पत्र्यावर बोटानंच झाला. चाळीसचे निम्मे वीस. वर भरलेला शुद्ध ऑक्सिजन सोळा. चौपन्न बार हवेतला अकरा. सत्तेचाळीस. दोनशेत सत्तेचाळीस म्हणजे शंभरात जवळजवळ चोवीस.

हवे होते अठरा.

साठ मीटरवर अठरा म्हणजे श्वास. चोवीसवर एखाद्याला काही होत नाही, आणि एखाद्याचं अंग पाण्यात ताठतं, तोंडातली नळी सुटते. कुणाचं काय होईल ते आधी कुणालाच सांगता येत नाही.

"काय झालं वं?" माय म्हणाली. "पाल हाये का आत?"

पौर्णिमा कोठीतून बाहेर आली. केसांना ज्वारीचा भुसा लागला होता. ती काही न बोलता जिन्यावरून वर धावली, फोन उचलला, अश्वजितचा नंबर लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. बाहेर. बोट सातला निघाली असणार, बुडी दहाला. साडेआठ झाले होते.

ॲप विचारत होतं पूर्वी. पहिलाच रकाना होता तो: सिलिंडरमध्ये आधीचं काय आणि किती आहे? भरल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. लोक कुरकुर करायचे, आम्ही रिकामा करूनच भरतो, दर वेळी काय विचारता. तीन आठवड्यांपूर्वीच्या मीटिंगमध्ये पौर्णिमाच म्हणाली होती, आपण शून्य धरून चालू, आणि रकाना 'अधिक' या बटणाच्या आत ठेवू. सगळ्यांना पटलं होतं. दोन वर्षांत सगळ्यांना एकदम पटलेली तिची ती पहिली सूचना होती. त्या दिवशी तिनं गावातून पेढे आणवले होते आणि कशाचे ते मायला सांगितलं नव्हतं.

ॲपनं विचारणं सोडलं, तेव्हा अश्वजितला काय वाटलं असेल हे तिला त्याच्या आवाजातच ऐकू येत होतं. ताईनं केलं असन काहीतरी. आता ॲपच ध्यानात ठेवत असन.

तिनं सेंटरच्या ऑफिसचा नंबर लावला. वाजत राहिला. कंपनीच्या साधना मॅडमना मेसेज टाकला. उत्तर लगेच आलं: लेखी कुणालाही काही पाठवू नकोस, आधी आपण नोंदी तपासू, अकराला मीटिंग घेते.

अकराला तर तो तळ सोडून वर यायला आलेला असेल, किंवा नसेल.

ती खाली आली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. चप्पल घातली, काढली. भिवाजीबा खाटेवर उठून बसले.

"काय झालं?"

भिवाजीबांचा डावा कान गेलेला होता. तीस वर्षं ते विहिरींत बुड्या मारत होते. कुणाची मोटर पडली, कुणाची बादली, कधी कुणाचं माणूस, की मालेगावपर्यंतून बोलावणं यायचं. त्या पाण्यानं एक कान नेला आणि दुसरा अर्धा ठेवला. त्यांना काही सांगायचं म्हणजे उजव्या बाजूला बसून ओरडून सांगावं लागे. पौर्णिमा खाटेच्या कडेवर बसली आणि जे तिला कुणाच्या कानात कुजबुजायचीही लाज वाटत होती ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सांगितलं. अश्वजितच्या सिलिंडरात चुकीचा वायू हाये. तो माह्या ॲपमुळे हाये. मी एक प्रश्न काढून टाकला.

सुपाचा आवाज थांबला.

भिवाजीबांनी एकच विचारलं. "त्यानं दिवा सोडला का?"

न वापरलेल्या विहिरीत उतरण्याआधी ते दोराला कंदील बांधून खाली सोडायचे. विझला तर आत वाईट हवा. मग पाय टाकायचा नाही, कुणी कितीही पैसे देवो. किन्हीराजाचा जानराव एकदा दिवा न सोडता उतरला होता. त्याला वर काढताना भिवाजीबांच्या तळहाताची साल दोरानं गेली होती, ती खूण अजून होती. अश्वजित सहा-सात वर्षांचा असताना कंदील धरायचं काम त्याचं होतं.

"दिवा हाये त्यायच्याकडे," पौर्णिमा ओरडून म्हणाली. "एक मशीन असते. सिलिंडरले लावलं का आतला ऑक्सिजन किती ते दाखवते."

"मंग त्यानं लावली असन. माहा पोरगा हाये तो."

"पन बा, ॲपनं अठरा सांगितले त्याले. अन् ॲप माहं हाये."

भिवाजीबा काही वेळ आपल्या तळहाताकडे पाहत राहिले. "जाय," मग म्हणाले. "फाट्यावर जाय. तिथून फोन लागते."

ती निघाली. मागून सूप पुन्हा सुरू झालं, आणि सुपाबरोबर मायचा बारीक आवाज. मायला भीती वाटली की ओवी यायची. रडण्याच्या जागी तिला तेवढंच येत असे.

पाठचा माहा भाऊ, वाट पान्यातून गेली
काठावर बहिनीनं, सारी सकाळ उभी केली

फाट्यापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा. दोन्ही बाजूंना हरभरा सोंगून पडला होता, तुरीच्या कुटाराचे ढीग लागले होते. पौर्णिमा चालत होती, मधेच पळत होती, पळताना फोन कानाला लावत होती. कारंज्याकडे जाणारी एसटी समोरून आली, कंडक्टरनं दार उघडून "चला" म्हटलं, तिनं मान हलवली, आणि एसटीच्या धुळीतच ऑफिसचा फोन कुणीतरी उचलला.

मुलगी होती, हिंदी बोलणारी. पौर्णिमानं सांगितलं की अश्वजितला रेडिओवरून निरोप द्या, बुडी मारू नको म्हणावं. मुलगी म्हणाली, तुम्ही कोण? मी त्याची बहीण. मुलीचा आवाज जरा मऊ झाला, पण हलला नाही. ताई, पहिल्या खोल बुडीच्या दिवशी सगळ्यांच्याच घरून फोन येतात, मागच्या महिन्यात एकाच्या आजीनं तर स्वप्न पडलं म्हणून फोन केला होता. बोट थांबवणं म्हणजे काय, माहीत आहे का तुम्हाला?

पौर्णिमानं फोन दुसऱ्या कानाला लावला. लेखी काही पाठवू नकोस, असं मॅडम म्हणाल्या होत्या. हे लेखी नव्हतं.

"तुम्ही सिलिंडर ज्या ॲपवर भरता ना," ती हिंदीत म्हणाली, "ते ॲप लिहिणाऱ्यांपैकी मी एक. ते चुकलंय. माझ्यामुळे चुकलंय. त्याच्या सिलिंडरात अठराच्या जागी चोवीस आहे. तुम्ही त्याला एवढंच विचारा, तुझ्या मशीननं काय दाखवलं? चोवीस दाखवलं का?"

पलीकडे पेनचं टोपण काढल्याचा आवाज आला. "चोवीस," मुलगी म्हणाली. "लाइन धरून राहू नका, ठेवून द्या. मी करते फोन."

नऊ वाजून आठ.

फाट्यावर चहाची टपरी होती. टपरीवाल्यानं न विचारता चहा पुढं केला. पौर्णिमानं कप हातात घेतला, फिरवला, तसाच ठेवला. चार पावलं कारंज्याकडे, चार मालेगावकडे. नऊ बारा. दहाला बुडी म्हणजे सूट आताच चढवत असतील. नऊ पंधरा. रेडिओ लागत नसेल. लागला असेल आणि अश्वजित हसला असेल, ताई उगीच घाबरते म्हणून. नऊ सतरा. कपावर साय धरली. एक म्हातारा तिला म्हणाला, "बस, बाई, गाडी वेळेवरच येते." ती बसली आणि लगेच उठली.

नऊ वीसला फोन आला.

"चोवीसच होतं," मुलगी म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा होता. "त्यानं धक्क्यावरच तपासलं होतं. साडेसहाला. बुडी रद्द केली त्यांनी."

पौर्णिमा टपरीच्या बाकावर बसली. थंड चहा एका घोटात प्याली आणि तळाशी जरासा राहू दिला, ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

मग एक वाक्य तिला हळूहळू ऐकू आलं. साडेसहाला तपासलं होतं. तरी सातला बोटीत बसला होता.

संध्याकाळी पाचला अश्वजितचा फोन आला. पौर्णिमानं तो स्पीकरवर टाकून बाच्या उजव्या कानाशी धरला. माय खाटेच्या पायाशी बसली.

"काय रे," भिवाजीबा म्हणाले, "दिवा सोडला व्हता ना?"

"सोडला व्हता, बा."

"मंग?"

पलीकडे लाटांचा की वाऱ्याचा आवाज येत राहिला.

"इझला व्हता," अश्वजित म्हणाला. "चोवीस दाखवलं मशीननं. मी हवेत धरून पाह्यलं, तर एकवीस, बरोबर. पुन्हा सिलिंडरले लावलं, पुन्हा चोवीस. तीनदा पाह्यलं. मंग मले वाटलं, मशीनच ओली झाली. ताईचा आकडा अठरा हाये, तो कायले चुकीन? पट्टीवर अठरा लिहिलं अन् बोटीत बसलो. सूट अर्धा चढवला व्हता मी."

भिवाजीबांनी फोन आपल्या हातात घेतला.

"दिवा इझला तर दिव्याले शिव्या द्याच्या, हे कोनी शिकवलं तुले? म्या?"

"नाई, बा."

"ताईवर एवढा भरवसा हाये तर तिच्या नावानं दोनदा सोडत जाय."

"हो, बा."

मायनं मध्येच तोंड घातलं. "अन् तू ठेवलं कायले रे त्या नळकांड्यात? सगळे पोट्टे रिकामं करतात तर कराचं रिकामं."

"हे तू म्हनून राह्यली, माय?"

"मी ज्वारीचं सांगतलं व्हतं, बापा. वायूचं कवा सांगतलं?"

तिकडे अश्वजित हसला, इकडे बा हसले, आणि माय पदर तोंडाला लावून उठून आत गेली. पौर्णिमाला हसू आलं नाही. तिनं फोन घेतला आणि म्हटलं, "अश्व्या, चूक माही व्हती."

"माहीत हाये," तो म्हणाला. "पन मले आता भेव वाटून राह्यलं, ताई. चुकीचं नाई. मी तीनदा पाहून तुहंच खरं मानलं, त्याचं."

ती वर गेली. ऊन उतरलं होतं, टाकीची सावली लांब पडली होती. अकराच्या मीटिंगमध्ये तिनं सगळं सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, रकाना आजच परत लाव, बाकीचं नंतर बोलू. त्या 'बाकीच्या'त काय काय असेल, नोकरी असेल की नसेल, याचा विचार करायला पौर्णिमाला अजून फुरसत झाली नव्हती.

दुपारभर वीज नव्हती, ती आल्यावर रकाना परत लावायला वीस मिनिटं लागली. भरल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, आणि शून्य लिहिलं तरी एकदा पुन्हा विचारेल. इंग्रजीत जुनंच वाक्य ठेवलं. मराठीत तिनं जुनं खोडलं आणि थांबली. स्वयंपाकघरातून तव्याचा आवाज येत होता. तिनं लिहिलं: तळाशी किती ठेवलंय?

मग तिनं यादी उघडली. त्या तीन आठवड्यांत ॲपवर एकशे बारा वेळा सिलिंडर भरले गेले होते. एकशे बारा ठिकाणी शून्य. त्यातले बहुतेक खरोखर रिकामे असतील. लोक सोडून देतात, सुईसुई करत सगळा जातो. पण कुणाची माय कुठं कोणत्या कोठीशी उभी असेल, ते यादीत दिसत नव्हतं. काही बुड्या होऊन गेल्या होत्या, काही आज होत्या, एक उद्या सकाळी होती, कुठल्याशा बेटावर, ज्याचं नाव तिला नीट वाचताही येईना.

पाय पुन्हा हलायला लागला.

"पौर्णिमे, जेवाले ये," मायनं खालून हाक मारली.

"येतो, माय. तू ठेव झाकून."

उद्या सकाळवाल्याचा नंबर तिनं आधी काढला आणि फोन कानाला लावून टाकीभोवती फिरू लागली. दोनदा वाजला, तीनदा वाजला. चौथ्यांदा कुणीतरी अनोळखी भाषेत काहीतरी म्हणालं, आणि पौर्णिमा जागच्या जागी उभी राहून, आपल्याला येतं तेवढ्या सावकाश इंग्रजीत, त्या माणसाला विचारू लागली की भरण्याआधी त्याच्या सिलिंडरच्या तळाशी काय होतं.